कूलंट ओतण्याआधी धातू बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उन्हाळ्यात कॉम्प्युटरची काळजी कशी घ्यावी, हा आपल्या अंकातला लेख वाचला. बाकी ठीक, पण वॉटर कूलिंगच्या, म्हणजे मशीन गार ठेवायला नळ्यांतून पंपाने फिरवतात त्या पाण्यात गाडीचं कूलंट टाकायचा सल्ला पोरांच्या मशीनची वाट लावेल.

परभणीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करणारी पोरं माझी गिऱ्हाइकं. लग्नसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये, डोक्यावर पत्रे, बाहेर 42-43 अंश. मग ‘काका, पाण्यात टाकायला काही औषध द्या, मशीन लई तापायलंय’ असं म्हणत येतात. असं औषध नसतं. ते पाणी ज्यात गार होतं त्या रेडिएटरच्या जाळीतून खोलीचीच हवा जाते, त्या हवेपेक्षा पाणी गार होणार कसं? त्यात गाडीच्या कूलंटमधलं ग्लायकॉल मिसळलं की पाण्याची उष्णता वाहून न्यायची ताकद उलट घटते आणि ते दाट होऊन पंपाला जड जातं. गाडीत ते पाणी गोठू नये, लवकर उकळू नये म्हणून असतं. परभणीच्या थंडीच्या बातम्या तुम्ही दरवर्षी छापता, पण टेबलाखालच्या नळीत बर्फ झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

पाण्यात घालायच्या ॲडिटिव्हची खरी कामं दोन: गंज थांबवणं आणि शेवाळ-बुरशी होऊ न देणं. दोन्हींसाठी आधी आत कोणते धातू आहेत ते बघावं लागतं. प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा ब्लॉक तांब्याचा आणि स्वस्तातला रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल, तर एकाच पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. गंजरोधकाने ते लांबतं, टळत नाही.

जालन्याकडच्या एका मोसंबीवाल्याच्या पोराने शेवाळ मरावं म्हणून घरातलं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, चिमूटभर टाकलं होतं. झाडांच्या बुरशीवरच्या बोर्डो मिश्रणात ते लागतं, त्यामुळे बागायतदाराच्या घरात ते असतंच. विचार अगदीच चुकीचा नव्हता. पाणी फिरतं तो अख्खा लूप तांब्याचा असेल तर त्यात कॉपर सल्फेट अगदी थेंबभर वापरतातही. पण याचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा. मोरचुदातलं तांबं त्यावर चढलं, खाली भोकं पडली आणि पाणी ग्राफिक्स कार्डावर. निकेल मुलामा असलेल्या ब्लॉकवरही मी मोरचूद टाकू देत नाही.

दुधाळ रंगाची कूलंटं दिसायला छान, पण त्यातले कण ब्लॉकच्या बारीक फटींत बसतात. प्रोसेसरचा सीलबंद वॉटर कूलर असेल तर काहीच ओतू नका. कंपनीने आत गंजरोधक घालूनच तो बंद केलेला असतो.

बोअरचं पाणी तर नकोच. आपल्याकडच्या जड पाण्याचा थर गिझरमध्ये कसा बसतो ते सगळ्यांना माहीत आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, पण लेबल असलेल्या सीलबंद कॅनमधलंच. त्याच दुकानात ॲसिडचेही कॅन असतात, तेव्हा मागताना नीट सांगा. मग त्यात धातू बघून गंजरोधक आणि शेवाळनाशक, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. दोन कंपन्यांची कूलंटं एकत्र करू नका.

विकणाऱ्यांनीही बाटलीवर ‘ॲल्युमिनियमला चालेल की नाही’ एवढं मराठीत छापावं. आणि लेख वाचून कुणी गाडीचं कूलंट भरलंच असेल, तर काढताना नालीत ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री, जनावरं ते पितात. एवढी दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक संगणक दुरुस्तीवाला, परभणी