पांढरी मूठ म्हणजे हस्तिदंतच नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या तलवारींविषयीच्या लेखांत आणि छायाचित्रांखालच्या ओळींत मूठ पांढरट दिसली की ‘हस्तिदंती’ आणि काळपट दिसली की ‘गेंड्याच्या शिंगाची’ असे लिहून मोकळे होण्याची प्रथा पडली आहे. दोन्ही विशेषणे वस्तूचा भाव चढवणारी असल्याने ती तपासणीवाचून छापली जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे पत्र.

हस्तिदंत ओळखायला दहापट भिंग पुरते. मात्र पाहायचे कुठे, हे ठाऊक हवे. सुळा आडवा कापला असता त्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांचे जाळे दिसते, त्यांना श्रेगर रेषा म्हणतात. मुठीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या बहुधा सुळ्याच्या लांबीला धरून कापलेल्या असतात आणि त्यामुळे त्यांच्या सपाट अंगावर हे जाळे नसतेच, तिथे फक्त बारीक, किंचित नागमोडी रेघा दिसतात. जाळे शोधायचे ते मुठीच्या टोकाशी, जिथे आडवा छेद उघडा पडलेला असतो. हे लक्षात न घेता ‘जाळे नाही, म्हणजे हस्तिदंत नाही’ असा उलट निष्कर्ष काढणारेही मी पाहिले आहेत. सुळ्याच्या बाहेरील भागात या रेषांचा कोन 115 अंशांहून मोठा असेल तर सुळा हत्तीचा आणि 90 अंशांहून लहान असेल तर मॅमथ या नामशेष प्राण्याचा मानतात. मधल्या कोनांवरून निर्णय न दिलेला बरा.

मूठ हाडाची असेल तर हाडातील सूक्ष्म वाहिका छेदावर ठिपक्यांसारख्या आणि लांबीत तुटक रेघांसारख्या दिसतात. वर्षानुवर्षांच्या हाताळणीचा मळ भरून त्या काळ्या झालेल्या असतात, म्हणून जुने हाड उलट लवकर ओळखू येते. ऑटोमन आणि इराणी शस्त्रांवर आढळणाऱ्या वॉलरस या समुद्री प्राण्याच्या सुळ्याचा गाभा दाणेदार, संगमरवरी दिसतो. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकवर हस्तिदंताच्या रेघांची नक्कल केलेली असते, पण त्या रेघा संशय यावा इतक्या समांतर असतात. गेंड्याचे शिंग केसांसारख्या तंतूंचे घट्ट बांधलेले असते, तर म्हशीचे शिंग थराथरांचे असते आणि जुने झाले की पापुद्रे सुटू लागतात.

तापलेली सुई टोचून वासावरून परीक्षा करण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो निव्वळ अविचार आहे, कारण अस्सल मुठीवर त्याने कायमचा डाग पडतो आणि सेल्युलॉइड तर पेटही घेऊ शकते.

मूठ ओळखली म्हणून पाते ओळखले असेही नव्हे. मुठी झिजत, तडकत आणि बदलल्या जात. सेल्युलॉइड 1870 च्या सुमारास व्यवहारात आले, तेव्हा तशी मूठ असलेल्या तलवारीचे पाते दोनशे वर्षांनी जुने असू शकते.

वन्यजीवांच्या व्यापारावरील ‘साइट्स’ हा आंतरराष्ट्रीय करार 1975 पासून अमलात आहे आणि हस्तिदंत, गेंड्याचे शिंग यांवर त्याचे कडक निर्बंध आहेत, त्यामुळे छापील ओळीतल्या एका विशेषणाने वस्तूच्या मालकाला नाहक उत्तरे देत बसावे लागते. तपासणी झालेली नसेल तेथे ‘मूठ पांढरी, पदार्थ तपासलेला नाही’ एवढेच छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक