रुमाल वाचवणाऱ्यांना

माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचे दोन रुमाल होते, म्हणजे कापडात बांधलेले, मोडी या जुन्या लिपीतले कागद. घरात मोडी कुणालाच येत नाही. रद्दीवाल्याने काटा अडकवलाही होता, तेवढ्यात शेजारच्या काकू ओरडल्या, "अहो थांबा, जुनं दफ्तर दिसतंय!" काकू, पहिला नमस्कार तुम्हाला.

दुसरा पुण्यातल्या मोडी वाचणाऱ्या त्या निवृत्त गुरुजींना. आधी सलग रेघ ओढून तिला टांगलेली अक्षरं, शब्दांत जागा नाही. मला नुसती गांडुळं दिसत होती. त्यांनी चार रविवार भिंगाखाली एकेक ओळ लावून दिली. निघालं काय, तर विहिरीच्या पाळीवरून भाऊबंदांचं भांडण! (ते अजून मिटलेलं नाही.) पैशांचं विचारलं तर म्हणाले, "चहा पाजा."

आणि कसरीने चाळण केलेल्या पानांना खळीने पातळ कागद चिकटवणाऱ्या ताई. तुमचं नाव विचारायचंच राहिलं.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी अशाच जुन्या कागदांतून छापलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८चा. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. ही नावं आपण घेतोच. पण कागद शोधत येणाऱ्या त्यांच्यासारख्यांपुढे घरच्या पेट्या उघडणारे, पंगतीला बसवून घेणारे कितीतरी जण बिननावाचेच राहिले. लगे हात त्यांचेही आभार.

रुमाल आता नव्या मांजरपाटात आहेत. ट्रंक मात्र रद्दीवाल्याला दिली. त्यालाही बिचाऱ्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं!