लंडनहून खानापूरला

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवणाचं विचारू नकोस आई, जेवते. थंडीचं तर नकोच. खानापूरच्या पावसात वाढलेल्या माणसाला इथल्या रिमझिमीचं काय कौतुक?

बाबा, मी आकडेमोड करते त्या नव्या ऑफिसच्या इमारतीबद्दल तुम्ही फोनवर म्हणालात, "खालून रेल्वेचा बोगदा आणि वर इमारत, डोकं ठिकाणावर आहे ना?" आहे की! इथली माती चिकण. जुनी इमारत पाडली की वरचं ओझं जातं आणि माती हळूहळू वर फुगते, बोगदाही काही मिलिमीटर हलू शकतो. म्हणून पाडकाम टप्प्याटप्प्यानं चालतं, बोगद्यात मोजमापाची यंत्रं बसवलेली असतात, आणि आमची आकडेमोड दुसरी स्वतंत्र मंडळी तपासतात. माझ्या एकटीच्या सहीवर काही उभं राहत नाही.

हे ऑफिस जाहिराती आणि गेम बनवणाऱ्यांचं आहे. त्यांना मध्ये खांब नको, फॉल्स सीलिंग नको, तुळया उघड्या दिसायला हव्यात, स्लॅबही लाकडी हवा. लाकूड हलकं, पायावर भार कमी. पण दोन खांबांमधला पल्ला लांब आणि वजन हलकं, की चालताना मजला थरथरतो. आपल्या माळ्यावर पोरं धावली की खाली भांडी वाजतात ना, तेच. मोडत काही नाही, बसलेल्याला फक्त जाणवतं, आणि तेवढं जाणवू नये म्हणून माझे महिने जातात. थेम्सवरचा मिलेनियम पूल २००० साली उघडला आणि लोकांच्या चालण्यानं असा डुलला की दोन दिवसांत बंद केला. २००२ साली पुन्हा सुरू झाला. पडला नव्हता आई, नुसता डुलला होता.

इथली एक रीत मात्र अजून माझ्या पचनी पडलेली नाही. एखाद्या खिडकीतून वीस वर्षं अखंड उजेड आला, की त्या उजेडावर घरमालकाचा कायदेशीर हक्क! १८३२ च्या कायद्यापासून हे असंच आहे. जुन्या घरांच्या खिडक्यांखाली 'एन्शंट लाइट्स', म्हणजे जुन्या हक्काचा उजेड, अशा पाट्याही दिसतात. म्हणून शेजारच्या इमारतीतल्या खोलीत टेबलाच्या उंचीवरून आभाळाचा किती तुकडा दिसतो ते नकाशावर मांडायचं. पुरेशा उजेडाची जागा निम्म्या खोलीपेक्षा कमी उरली, की सहसा वकील आलाच. आपल्या शेजाऱ्यांनी मजला चढवला तेव्हा माजघरात दिवसा दिवा लावायची पाळी आली, आणि तुम्ही "असू दे" म्हणालात. इथं कोणी असू देत नाही. आमचे वरचे दोन मजले आत ओढावे लागले, खांबाखाली खांब येईना, म्हणून मध्ये भली थोरली तुळई घालून भार वळवला. आधी "कुरूप दिसते" म्हणणारे मालक आता म्हणतात, झाकू नका!

पैसे पाठवलेत. पण कौलं उतरवून स्लॅब टाकायची घाई नको. जांभ्याच्या भिंती त्यांच्या जागी भक्कम आहेत, पण वर स्लॅबचं वजन पेलतील का, हे बेळगावहून इंजिनिअर बोलावून आधी तपासून घ्या. त्याची फी मी देईन. घरात इंजिनिअर असून बाहेरचा बोलवायचा, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते.

निपाणीचं स्थळ वाईट नाही, फोटो पाहिला. पण नोकरी सोडून ये, हे बोलायच्या आधीच ठरवलंय त्यांनी. त्यांना होकारही नको, नकारही नको, मीच बोलते. माझ्यासाठी धाकट्याचं लग्न मात्र अडवू नका. मुलीकडच्यांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. मुहूर्त शक्यतो मार्चनंतरचा काढा, तोवर आमचा स्टीलचा सांगाडा उभा राहील. नाहीच जमलं तर आधीचा धरा. आठवड्याची सुट्टी मिळेल. गणपतीला मिळाली नव्हती ती गोष्ट वेगळी होती, आई.

तुमची,
थोरली