चिनूला घरी ठेवणार नाही

लेस्टर, इंग्लंड

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

आई, फोनवर तू म्हणालीस, "पाचवं सरेपर्यंत घरीच ठेव, चारचौघांत शोभा कशाला?" चिनू शेजारीच रंगवत बसला होता, म्हणून मी विषय बदलला. आता नीट लिहिते.

चिनूची चड्डी शीने खराब होते ती आळसाने नाही की हट्टानेही नाही. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, तर आत कडक शीचा खडा साचलेला. एकदा दुखलं की मूल पुढच्या वेळी दाबून धरतं, शी आणखी कडक होते, आतलं आतडं ताणलं जातं आणि 'लागली' हे कळेनासंच होतं. मग खड्याच्या कडेने पातळ शी झिरपते आणि आपल्याला वाटतं जुलाब झाले. तेव्हा एरंडेल नको गं. मॅक्रोगॉलची, म्हणजे शी मऊ करणारी, पावडर पाण्यातून देतोय, ती काही महिने चालेल.

जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी आतडं आपसूक हलतं, तेव्हा बसवायचं. पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट, आणि हातात साबणाच्या फुग्यांची बाटली! फुंकताना पोटाला बेताचा जोर लागतो. काल संडासभर फुगे, आणि आतून आरोळी, "झाऽऽली!"

शाळेचाही आधी तुझ्यासारखाच सूर होता: कपडे खराब झाले की घेऊन जा. मी ऑफिसातून धावत जायचे आणि त्याचा अख्खा दिवस बुडायचा. इथल्या २०१० च्या समानता कायद्यात असा लांबलेला त्रास अपंगत्वात बसू शकतो, आणि बसला तर शाळेला वाजवी सोय करावीच लागते. हे लेखी मांडल्यावर सूर बदलला. आता जेवणानंतर मदतनीस बाई त्याला नेतात, बदलायचे कपडे शाळेतच असतात, आणि वर्गात विचारत बसायला नको म्हणून त्याच्याकडे एक कार्ड दिलंय. ते दाखवलं की सुटला.

बाबा, तुम्ही तर पहिलीचा वर्ग सांभाळलात. भिजलेलं पोर हापशावर धुऊन परत वर्गात बसवायचात, घरी नाही पाठवायचात. आईला तुम्हीच समजवा.

फोनवर "आज किती वेळा केलीस?" एवढं मात्र विचारू नका, तो गप्प होतो. येताना सुती चड्ड्या आणा, गडद रंगाच्या, जरा सैलच. पेढे नकोत, सुके अंजीर चालतील.

तुमची,
सुमी