आधी खोकी सोडा, मग कुत्रं न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांची तक्रार वाचली. निवारा केंद्रातून कुत्रं दत्तक घ्यायला गेलं की पासपोर्टला करतात तशी चौकशी होते. द्यायचं गावठी कुत्रं, तेही फुकट, आणि वर अटी घालायच्या, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. वाचून मला हसू आलं. कारण मे महिन्यात शेल्टरच्या फाटकात उभी राहून मी हेच बोलले होते, जवळजवळ याच शब्दांत. मी पेपरला लिहिलं नाही, घरी येऊन नवऱ्याला ऐकवलं, एवढाच फरक.

आमचं जुनं घर बेळगावच्या शहापुरात. चौतीस वर्षं तिथे काढली. घरावर चार भावांची नावं, शेवटी वाटण्या झाल्या, घर विकलं आणि अक्षय्य तृतीयेला हिंडलग्याच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची वास्तुशांत केली. गल्लीत कुत्रं पाळावं लागत नाही, ते असतंच. आमच्या मागच्या परड्यात मोत्या होता. तो कोणाचाच नव्हता आणि सगळ्यांचा होता. सकाळी आमच्याकडे चपाती, दुपारी शेजारी आमटीभात, रात्री कोपऱ्यावरच्या हॉटेलात काय उरलं असेल ते. शेजारच्या मागाचा खटखटाट, मोत्याचं भुंकणं आणि दूधवाल्याची घंटा, यांतलं काहीच नव्या घरात ऐकू येईना. आठ दिवसांत आम्हा तिघांना, म्हणजे मला, नवऱ्याला आणि सासूबाईंना, घर खायला उठलं. मग मेमधला एक रविवार बघून आम्ही शेल्टर गाठलं. दोन बोके हवे होते. भाऊ-भाऊ, चार महिन्यांचे, एकमेकांच्या अंगावर झोपलेले. बघितले आणि ठरवलं.

तिथल्या मामांनी (कन्नड माणूस, पण मराठी आपल्यासारखंच) खुर्ची दिली आणि विचारायला सुरुवात केली. घर स्वतःचं की भाड्याचं? दुपारी घरात कोण असतं? गॅलरीला जाळी आहे? सोसायटीत विचारलंय? आधी काही पाळलं होतं? ते कशाने गेलं? या शेवटच्या प्रश्नाला मी चिडले. मोत्या म्हातारा होऊन गेला, पण त्याआधी परड्यातल्या कुत्रीची पाच पिल्लं एका आठवड्यात रक्ताचे जुलाब होऊन गेली होती, ते मला आठवलं आणि उगीच अपराध्यासारखं वाटलं. मामांनी मात्र लगेच ताडलं. म्हणाले, ‘पार्वो असणार ते. त्याचे जंतू जमिनीत महिनोन्‌महिने राहतात बाई. त्या घरात लस न झालेलं पिल्लू दिलं असतं तर तेही गेलं असतं. म्हणून विचारतो, दुसरं काय नाही.’

मग त्यांनी विचारलं, ‘घर लागलं काय तुमचं?’

‘कुठलं लागतंय! चौदा खोकी तशीच बांधलेली पडलीत.’

‘मग कुत्र्यामांजराला कसं लागंल? आधी खोकी सोडा, मग या की.’

आम्ही तोंड पाडून परत आलो.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. मी पतसंस्थेत कर्जाचे अर्ज तपासते. वीस हजारांच्या कर्जाला मी दोन जामीनदार मागते, त्यांचे पगाराचे दाखले मागते, विजेचं बिल मागते आणि सही जुळली नाही तर माणसाला परत पाठवते. कोणी कुरकुर केली की मी सांगते, पैसा माझा नाही, ठेवीदारांचा आहे. ते मामा तेच करत होते, माझ्याहून चांगल्या कारणासाठी. वीस हजार बुडाले तर वसुली तरी करता येते. बारा-पंधरा वर्षं जगणारा जीव कोणी सहा महिन्यांनी महामार्गाच्या कडेला सोडून दिला तर कसली वसुली? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे. पाळीव जनावर विनाकारण वाऱ्यावर सोडणं हा त्यात गुन्हाच आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत खडेबाजारात आता दोघांचा नाश्ताही होत नाही. कायद्याचा धाक एवढाच, म्हणून चौकशी आधी करावी लागते. त्या गृहस्थांनी हा हिशेब करून बघावा.

बरं, अटी हा शेल्टरवाल्यांचाच हट्ट आहे असंही नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबाबत जो आदेश दिला, त्यात ज्यांना कुत्रं दत्तक घ्यायचं आहे त्यांनी स्थानिक पालिकेकडे अर्ज करावा, असं म्हटलं आहे. आणि दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. म्हणजे जामीनदार वरच्या कोर्टानेच मागितला आहे.

जूनमध्ये पाऊस लागला तोवर खोकी सुटली होती. मामांनी घर बघायला एका मुलीला पाठवलं, कॉलेजात शिकणारी, रेनकोट घातलेली. चहा नको म्हणाली, सरळ गॅलरीत गेली. ग्रिलच्या दोन गजांमधून तिने मूठ घातली. ती पलीकडे गेली. मग मनगट फिरवून परत काढली आणि माझ्याकडे बघितलं. ‘मूठ जाते तिथून मांजराचं डोकं जातं. डोकं गेलं की अंग जातंय.’ खाली तीन मजले आणि पार्किंगचं काँक्रीट. ज्या ग्रिलचं मी वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला कौतुक सांगितलं होतं, त्यातून दोन्ही बोके पहिल्याच आठवड्यात कबुतरामागे गेले असते. जाळी बसवायला कारागिराने तीन आठवडे लावले (‘येतो की उद्या’ हे बेळगावचं कॅलेंडर आपण जाणताच), तोवर बोके टिळकवाडीत एका घरी गेले. दोघे एकत्र गेले. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

आम्ही तरीही शेल्टरला गेलो, आता जाऊन बघू तरी म्हणून. शेवटच्या पिंजऱ्यात कप्पी होती. वय पाचेक वर्षं, रंग कुळकुळीत काळा, मागचा डावा पाय नाही. महामार्गावर गाडीने उडवली होती, पाय काढावा लागला. डाव्या कानाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली. दोन वर्षं ती तिथे आहे आणि दोन वर्षांत तिच्यासमोर कोणी पाच मिनिटंही थांबलं नाही, असं मामा म्हणाले. येणाऱ्याला पिल्लू हवं असतं, पांढरं किंवा तांबडं हवं असतं. काळं म्हटलं की लोक मागे सरतात. सासूबाई मात्र पिंजऱ्यासमोर बसल्या त्या उठेनातच.

ती आमच्याकडे पंधरा दिवसांच्या बोलीवर आली. जमलं तर कागद, नाही तर परत, कोणी कोणाला दोष द्यायचा नाही. ही पद्धत मला फार आवडली.

पहिले तीन दिवस कप्पी डायनिंग टेबलखालून बाहेर आली नाही. पहिला दिवस तर पाण्यालाही तोंड लावलं नाही, आणि बाहेर नेलं तरी शू करेना. मी घाबरून रात्री अकराला मामांना फोन केला. ते झोपेतच म्हणाले, ‘तीन दिवस घाबरतंय, तीन आठवड्यांत घराची वेळ कळते, तीन महिन्यांत घर आपलं म्हणतंय. तुम्ही झोपा.’ सासूबाई ‘ये गं काळे, ये गं’ करून दमल्या, तिने कानसुद्धा हलवला नाही. चौथ्या दिवशी आमच्या कामवाल्या बाई आल्या, त्या बैलहोंगलकडच्या. फरशी पुसता पुसता सहज कन्नडात म्हणाल्या, ‘बारे कप्पी’, म्हणजे ये गं कप्पी. टेबलखालून नाक आलं, मग डोकं, मग तीन पायांवर उड्या मारत सगळी कप्पी. दोन वर्षं शेल्टरमध्ये तिने कन्नडच ऐकलं होतं! तेव्हापासून आमच्या घरी कुत्रीशी कन्नड चालतं. सत्तर वर्षांच्या सासूबाई ‘कुंद्रु’ म्हणतात आणि ती बसते. जन्म बेळगावात गेला तरी बाजारापुरतंच कन्नड बोललेल्या बाई त्या. आता ‘ऊट माडु’ म्हणत तिला भात घालतात.

देवघराचा प्रश्न त्यांनीच सोडवला. मी विचारलं, इकडे नको ना येऊ द्यायला? त्या भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीकडे बघून म्हणाल्या, ‘तिथं चार आहेत. ही उंबऱ्याशी बसू दे.’

अडचण आली ती दुसरीकडून, आणि हे पत्र लिहायचं खरं निमित्त तेच. आमच्या अपार्टमेंटच्या कमिटीने ठराव केला की कुत्र्याला लिफ्टमधून नेऊ नये, जिन्याने न्यावं. तीन मजले, तीन पाय. मी सेक्रेटरींना नम्रपणे सांगितलं की भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, आणि लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही. मालकाने घाण उचलावी, लस द्यावी, त्रास होऊ देऊ नये, हे आमचं काम आणि ते आम्ही करतो. रेबीजच्या लशीचं कार्ड मी लिफ्टमध्ये चिकटवायलाही तयार होते. ते म्हणाले, ‘बघू पुढच्या मीटिंगला.’ तोवर माझा नवरा रोज दोन वेळा अठरा किलोची कप्पी उचलून जिना चढतो-उतरतो. त्याची पाठ आधीच दुखरी. त्या मीटिंगला येणाऱ्या कोणी हे वाचलं तर बरं होईल.

त्याच कमिटीतल्या एकांनी मला सुचवलं, पाळायचंच तर मुधोळ जातीचं कुत्रं का नाही आणलं? आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं, नावाजलेलं. खरं आहे. २००५ मध्ये मुधोळ हाउंड टपालाच्या तिकिटावर आला, २०१६ मध्ये त्याची पिल्लं मेरठला लष्कराच्या केंद्रात शिकायला गेली. पण ते पळण्यासाठी घडलेलं शिकारी जनावर. त्याला शिवार पाहिजे. तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेत त्याला डांबून दिमाख मिरवणं मला तरी पटत नाही. शिवाय जिन्याने तेही उतरवावं लागलंच असतं.

शेल्टरवाल्यांची बाजू घेतली म्हणून त्यांचं सगळंच बरोबर असंही नाही. फोन लागत नाही, भेटायची वेळ बोर्डवर एक आणि प्रत्यक्षात दुसरी, आणि करारपत्र कन्नड-इंग्रजीत. मामांनी ते सासूबाईंना ओळ न् ओळ मराठीत सांगितलं म्हणून निभावलं. मामा रजेवर असते तर? पालिकेकडे दत्तकाचा अर्ज कुठे करायचा, सोबत काय लागतं, हेही कन्नड, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत एका पानावर लिहून वॉर्ड ऑफिसात लावता येईल. तेवढ्याने त्या गृहस्थांचा निम्मा राग शांत होईल. अटी मात्र राहू द्याव्यात. माझं चुकीचं घर त्यांनीच ओळखलं होतं, मी नाही.

पंधरा दिवस येत्या रविवारी संपतात. कागदावर सही करायला जाताना मामांनी जुनी बेडशीटं आणि रद्दी आणायला सांगितली आहे. पावसात पिंजऱ्यांखाली अंथरायला वर्तमानपत्रं फार लागतात म्हणे. गेल्या महिन्याभराचा गठ्ठा बांधून ठेवला आहे. त्या गृहस्थांचं पत्र छापलेला अंकही त्यातच आहे.

आपली,
एक वाचक,
हिंडलगा, बेळगाव