आधी श्वास सोड

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

काल रात्री पूलमधल्या स्कूबा डायव्हिंगच्या धड्याबद्दल तू फार बोलला नाहीस. "आई, मास्कमध्ये पाणी गेलं आणि मी वर पळालो. मला नाही जमायचं हे," एवढं म्हणालास आणि फोन ठेवलास. पुन्हा लावणार होते, पण फोनवर माझं अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

बाकीच्या सगळ्यांना जमलं आणि आपलीच तेवढी गाळण उडाली, ही तुझी खंत मला आवाजावरून कळली. माझे पाण्याखालचे फोटो तू लहानपणापासून बघतोयस. त्या फोटोंच्या आधी काय झालं होतं ते मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पूलमधले धडे पुरे करून आम्ही पहिल्यांदा समुद्रात उतरलो होतो. सहा मीटरवर, वाळूत गुडघे टेकून बसलो होतो. इन्स्ट्रक्टरने खूण केली आणि मी मास्कची कड उचलली. गार पाणी डोळ्यांवर आलं, नाकपुड्यांत शिरलं, आणि मी नाकाने श्वास ओढला. नाकापासून घशापर्यंत नुसती आग. त्यानंतर मला विचार असा आठवतच नाही. एकच कळत होतं, वर उजेड आहे आणि तिकडे जायचंय. मी जिवाच्या आकांताने पाय मारले. इन्स्ट्रक्टरने माझ्या जॅकेटचा पट्टा धरला, दुसऱ्या हाताने सिलिंडरची हवा देणारा रेग्युलेटर माझ्या तोंडात दाबून धरला आणि स्वतःचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आणला. पाणी भरलेल्या मास्कमधून सगळं धूसर दिसत होतं, पण त्याने सोडलेले बुडबुडे दिसले. पांढरी, लांबच लांब माळ, थांबतच नव्हती. ती बघून मीही श्वास सोडला. पुन्हा सोडला. मग आम्ही दोघं सावकाश वर आलो.

बोटीवर कुणीतरी म्हणालं, "घाबरण्यासारखं काय आहे त्यात, सगळं डोक्यातलं खूळ." त्या एका वाक्यामुळे मी कित्येक महिने पाण्याकडे फिरकले नाही. म्हणून तुला आधीच सांगते, हे खूळ नाही. डोळ्यांभोवती आणि नाकाला गार पाणी लागलं की श्वास आपोआप अडतो, ही शरीराची जुनी राखण आहे. त्यात आपला जन्म नाकाने श्वास घेण्यात गेलेला, आणि पाण्याखाली तेच करायचं नसतं. तुझ्या शरीराने काल त्याचं काम चोख केलं. फक्त सिलिंडर पाठीवर आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

आता पुढचं नीट वाच, मला खरा उलगडा इथेच झाला. जीव गुदमरतोय असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा हवा कमी पडलेली नसते. श्वासाची तगमग होते ती मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. घाबरल्यावर आपण भराभर, वरवर श्वास घेतो. ती हवा श्वासनळीत आणि रेग्युलेटरच्या तोंडाशी जाऊन तशीच परत येते, फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतच नाही. मग कार्बन डायऑक्साइड आणखी साठतो, तगमग वाढते, की आपण आणखी जोरात ओढतो. खोल पाण्यात हे लवकर होतं. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, हवाही दुप्पट दाट होते, ती ओढायला आणि ढकलायला जास्त कष्ट पडतात. भरलेला सिलिंडर पाठीवर असताना माणूस रेग्युलेटर तोंडातून काढून फेकतो तो यामुळेच. हे चक्र ओढून तुटत नाही, सोडून तुटतं. आत साठलेलं बाहेर गेलं तरच आत जागा होणार. म्हणून आधी श्वास सोड. सावकाश, अगदी पोट आत जाईपर्यंत. घ्यायचा श्वास मग आपला आपण येतो.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगते, कारण काल फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही ती हिच्यामुळे. वर येताना तू श्वास रोखला होतास का? वर येताना दाब उतरतो आणि फुप्फुसातली हवा फुगते. दहा मीटरवर छाती भरून घेतलेली हवा पृष्ठभागाशी दुप्पट जागा मागते. श्वास रोखला असेल तर ती जाणार कुठे? पूल उथळ आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, दीड-दोन मीटरवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. घाबर, रड, वर ये, पण तोंडातून बुडबुडे निघत राहिले पाहिजेत. कालपासून छातीत दुखत असेल, श्वासाला त्रास होत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरकडे जा. पाण्यात काय झालं तेही त्यांना सांग.

मी परत कशी गेले? बादलीपासून. बादलीत पाणी भरायचं, मास्क न लावता चेहरा बुडवायचा, स्नॉर्कलने, म्हणजे पाण्याबाहेर टोक राहणाऱ्या नळीने, तोंडावाटे श्वास घ्यायचा आणि नाकाने बुडबुडे सोडायचे. पहिल्या दिवशी चार श्वासांत चेहरा वर काढला. आठवड्याने शंभर मोजले. मग कमरेएवढ्या पाण्यात, शेजारी माणूस उभा करून तेच. मग पूलच्या तळाशी मास्क हातात घेऊन, डोळे मिटून. तिथे मी बुडबुड्यांचा आवाज ऐकत बसले होते. कानाशी गडगड करत वर जातात ना, तो. तो आवाज चालू आहे म्हणजे मी श्वास सोडतेय, एवढी खात्री मला पुरली.

मास्क रिकामा करताना वरची कड कपाळाशी दाबून धर, नजर थोडी वर कर आणि नाकाने लांब श्वास सोड. घाई केलीस की पाणी आतच राहतं. नाकात पाणी शिरलंच तर मास्कवरूनच नाक चिमटीत धर, तोंडाने दोन श्वास घे, मग पुन्हा सुरुवात कर. ठसका लागला तर रेग्युलेटर तोंडात ठेवूनच खोक, त्यातून खोकता येतं.

आणि तुझा सूट गळ्याशी आवळतो का ते बघ. पाण्याबाहेरच जीव गुदमरवणारी कॉलर खाली सुखाची कशी होईल? कमरेला वजन जास्त बांधलं असेल तर तरंगत राहायला सतत पाय मारावे लागतात, धाप तिथूनच लागते. या दोन गोष्टी कुणी आपणहून विचारत नाही, तू विचार.

इन्स्ट्रक्टरला झालं ते सगळं सांग, लपवू नकोस. तळहात आडवा धरून हलवला की "मला ठीक वाटत नाही", ही खूण त्याच्याशी आणि तुझ्या बडीशी, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराशी, आधी पक्की कर, आणि पाण्यात ती धीर खचायच्या आधी कर, खचल्यावर नाही. अंगठा वर केलास की डाइव्ह संपली. कारण कुणी विचारायचं नसतं. मी आजवर सात-आठ वेळा असा अंगठा वर केलाय, एकदा तर उतरून दोनच मिनिटं झाली होती. त्याची मला लाज वाटत नाही.

तू पुन्हा उतरावंस असा माझा हट्ट नाही. नको वाटलं तर नको, मी एका शब्दाने विचारणार नाही. पण "मला जमत नाही" असं म्हणून सोडू नकोस रे, कारण ते खरं नाही.

अजूनही प्रत्येक डाइव्हच्या आधी मी दोरीला धरून पाण्यात थांबते आणि बडीला म्हणते, "एक मिनिट." चेहरा पाण्यात घालते आणि तीन लांब श्वास सोडते. तिसऱ्या श्वासाला खांदे खाली येतात. नाही आले तर चौथा सोडते.

रविवारी मी घरीच आहे. बादलीत किती श्वास झाले तेवढं फोन करून सांग.

तुझी,
आई