बुगडी-भिकबाळीसाठी कान टोचताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव तोंडावर आला की ढोल-ताशा पथकांतल्या मुलांची भिकबाळीसाठी आणि तुळशीचे लग्न लागले की मुलींची बुगडीसाठी वरचा कान टोचून घ्यायची घाई सुरू होते. पंधरा-वीस दिवस आधी टोचायचे आणि मिरवणुकीला किंवा हळदीला दागिना चढवायचा, असा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे. कानाच्या पाळीची जखम पुरती भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. वरच्या कानाची भरायला सहा महिने ते वर्ष. लहानपणी कान टोचले तेव्हा काही झाले नाही म्हणून आताही होणार नाही, ही समजूत अनेकांच्या कानाचा आकार कायमचा बिघडवते, म्हणून हे पत्र.

पाळीत मऊ मांस आणि चरबी असते, रक्तपुरवठा भरपूर असतो. वरच्या कानाला आकार देते ती कूर्चा, म्हणजे हाताला लवचीक लागणारे मऊ हाड. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर घट्ट चिकटलेला जो पातळ पापुद्रा असतो, त्याच्यातूनच तिला पोषण मिळते. टोचताना हा पापुद्रा सुटला आणि मध्ये रक्त किंवा पू साठला, तर खालच्या कूर्चेची उपासमार होते, ती मरते आणि विरघळते. पुढे कान आकसतो, सुरकुततो. तो पूर्ववत करायचा तर बरगडीची कूर्चा काढून नवा सांगाडा घडवावा लागतो, आणि तरीही मूळचा घाट परत येईल याची खात्री नसते.

कूर्चेसाठी सर्वांत वाईट साधन म्हणजे टोचायची गन. तिच्यात सुई नसतेच. स्प्रिंगच्या जोरावर दागिन्याचीच बोथट दांडी कानातून ढकलली जाते. पाळी ते सोसते. कूर्चा मात्र चेचली जाते, कधी तडकते आणि पापुद्रा सुटतो. शिवाय गनमधल्या कुडीची दांडी आखूड आणि मागची चाप घट्ट असते. दुसऱ्या दिवशी कान सुजला की पुढचा खडा आणि मागची चाप दोन्ही मांसात रुततात. प्लास्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे १२१ अंश सेल्सिअसच्या दाबाखालच्या वाफेत, घालता येत नाही, ती वितळेल. त्यामुळे एका गिऱ्हाइकानंतर दुसऱ्याच्या आधी ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली जाते, इतकेच. कुडीचे पाकीट सीलबंद असते हे खरे, पण ती कुडी धरणारा भाग सीलबंद नसतो.

नुसत्या पुसण्यावर भरवसा ठेवल्याने काय होते, याचे नोंदलेले उदाहरण अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातले आहे. तिथे २००० साली दागिन्यांच्या एका दुकानवजा ठेल्यावर वरचा कान टोचून घेतलेल्या ७ जणांना स्यूडोमोनास या जिवाणूचा संसर्ग झाल्याचे तपासणीत पक्के झाले. काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले. जिवाणू सापडला तो जंतुनाशकाच्याच बाटलीत. हा जिवाणू ओलीत वाढतो, साध्या पाण्यातही तग धरतो आणि कूर्चा त्याला फार मानवते. आपल्याकडेही काउंटरवरची बाटली रिकामी झाली की धुऊन पुन्हा भरली जाते. टोचून घेणाऱ्याने त्या बाटलीकडे बघावे, तिच्यावरच्या लेबलाकडे नव्हे.

योग्य रीत अशी. टोचणाऱ्याने हात धुऊन नवे हातमोजे घालावेत. बसलेल्या स्थितीत, मान सरळ ठेवून पेनने खूण करावी आणि ती आरशात दाखवून पक्की करून घ्यावी. आडवे झोपवून खूण केली की जागा सरकते. एकदाच वापरायची पोकळ सुई समोर पाकीट फोडून काढावी. वरच्या कानासाठी सहसा १६ गेजची, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडीची सुई घेतात. पोकळ सुई मांस ढकलत नाही, धारदार टोकाने कापून वाट करते, म्हणून सूज कमी येते. सुई कानाच्या पृष्ठभागाशी काटकोनात जायला हवी. कानाची कड आत वळलेली असल्याने इथेच हात चुकतो. भोक तिरपे गेले की दांडी एका बाजूला सतत टेकते आणि त्या बाजूला काही आठवड्यांत गाठ येते. अशी गाठ कितीही औषध लावले तरी बसत नाही, कारण दोष कोनात असतो.

पहिला दागिना बाळी किंवा भिकबाळी नसावी. गोल कडी हलते, फिरते आणि जखमेत बाहेरची घाण ओढून नेते. मागे सपाट चकती असलेली सरळ दांडीची कुडी घालावी, साधारण ८ मिलिमीटर लांबीची, म्हणजे सुजेला जागा राहते. धातू इम्प्लांट दर्जाचा, म्हणजे शरीरात बसवायला चालणारा, टायटॅनियम असावा. एएसटीएम एफ-१३६ हे त्याचे मानक आहे, ते विचारून घ्यावे. सोनेच हवे असेल तर ते निकेलविरहित असल्याची सराफाकडून खात्री करावी. ९१६ चा हॉलमार्क सोन्याचा कस सांगतो, उरलेल्या भागात काय मिसळले आहे ते सांगत नाही. आणि २२ कॅरटचे सोने मऊ असते, त्यावर ओरखडे पडतात, त्या ओरखड्यांत स्राव साचतो. एक ग्रॅमवाली बुगडी ताज्या भोकात कधीही घालू नये. मुलामा उडाला की खालचे पितळ किंवा तांबे थेट जखमेला लागते. पारंपरिक बुगडीची फिरकी ज्या दांडीवर चढते, ती बोटांत धरून उजेडात पाहा: आटे बाहेरच्या अंगाला कोरलेले असतात. तीच दांडी कच्च्या भोकातून ओढली की प्रत्येक आटा आतली नवी त्वचा खरवडत जातो. जखम पुरती भरल्यावर हीच बुगडी खुशाल घालावी.

निगा राखणे सोपे आहे, पण चिकाटी लागते. सकाळ-संध्याकाळ निर्जंतुक नॉर्मल सलाईनने, म्हणजे ०.९ टक्के मिठाच्या पाण्याने, पुढून आणि मागून जखम भिजवावी. औषधाच्या दुकानात १० मिलिलिटरच्या छोट्या कुप्या मिळतात, त्या बऱ्या. मोठी बाटली एकदा उघडली की दुसऱ्या दिवशी वापरू नये. घरी चिमटीने मीठ घालून केलेले पाणी हमखास जास्त खारट होते आणि त्वचा कोरडी पाडते. दोन-तीन मिनिटांनी खपली मऊ झाली की गॉजच्या तुकड्याने अलगद टिपून घ्यावी. कापसाचे धागे दांडीला अडकतात, म्हणून कापूस नको. मग कोरड्या गॉजने टिपून मागची चकती कोरडी करावी, कारण ओल तिथेच राहते. पावसाळ्यात याकडे विशेष लक्ष द्यावे.

हळद-खोबरेल तेल, बेटाडीन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमेची मलमे, यातले काही नको. तेल आणि मलम भोकाचे तोंड बुजवतात, जंतुनाशके जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात. आणि घरोघरी दिला जाणारा सल्ला, रोज कुडी फिरवत राहा नाहीतर चिकटेल, तो मनातून काढून टाकावा. भोकाच्या दोन्ही तोंडांकडून त्वचा आत वाढत मध्यावर येऊन मिळते. फिरवले की ती रोज फाटते. बाहेरून दोन महिन्यांत सगळे छान दिसते, आतली नळी मात्र कच्चीच असते. त्याच भरवशावर लोक दागिना बदलतात आणि कान पिकतो.

सहा ते आठ आठवड्यांनी सूज उतरली की टोचणाऱ्याकडे जाऊन ८ ऐवजी ६ मिलिमीटरची दांडी बदलून घ्यावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात. लांब दांडी केसांत, ओढणीत, मास्कच्या दोरीत अडकते आणि हळूहळू भोकाचा कोन बदलते. त्या कुशीवर झोपू नये; झोपमोड होत असेल तर प्रवासात गळ्यात घालतात तशी उशी घेऊन कान तिच्या पोकळीत ठेवावा. दुचाकीवर हेल्मेट घालणे टाळता येणार नाही, पण ते दोन्ही हातांनी पट्टे बाहेर ताणून चढवावे आणि तसेच उतरवावे. तलाव, विहीर, नदी यांत निदान पहिले दोन-तीन महिने पोहू नये.

पांढरट-पिवळसर पातळ स्राव येऊन दांडीवर खपली धरणे हे पू नव्हे, ते जखम भरण्याचे लक्षण आहे. भोकालगत लाल, मऊ पुटकुळी आली तर ती बहुधा घासण्याची किंवा दाबाची. कारण काढले की ती काही आठवड्यांत ओसरते. केलॉइड, म्हणजे वाढत जाणारा जाड व्रण, वेगळे. ते सावकाश, महिन्यांनी येते, कडक असते, जखमेच्या हद्दीबाहेर पसरते. घरात कोणाला केलॉइड असेल तर वरचा कान टोचूच नये. मधुमेह आटोक्यात नसणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

धोक्याची खूण ओळखायला आरसा पुरे. वरचा कान लाल, गरम, तणतणीत सुजलेला, हात लावू देत नाही, आणि खालची पाळी मात्र अगदी नेहमीसारखी. हा कूर्चेच्या आवरणाचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या घेऊन वाट पाहू नये. अमॉक्सिसिलिन स्यूडोमोनासवर चालत नाही, आणि त्यात गेलेले दोन-तीन दिवस कान गमवायला पुरेसे असतात. कूर्चेला टोचले आहे आणि किती दिवस झाले, हे डॉक्टरांना आधी सांगावे, म्हणजे ते त्या जिवाणूवर चालणारे औषध निवडतील आणि पू असेल तर वेळीच काढतील. कुडी आपल्या मनाने काढू नये. भोकाचे तोंड मिटून पू आत कोंडू शकतो. ती ठेवायची की काढायची हे त्यांनी ठरवावे.

आता मिरवणुकीचे. फेट्याची कड नेमकी भिकबाळीच्या जागेवर बसते, खाली घाम, वर गुलाल, आणि हे तासन्तास चालते. आठवड्या-दोन आठवड्यांच्या जखमेला याहून वाईट काही नाही. पुढच्या गणपतीत भिकबाळी घालायची तर यंदाच्या दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर टोचून घ्यावे. हाताशी नऊ-दहा महिने मिळतात. यंदा हौस असेल तर न टोचता घालायची, दाबाची भिकबाळी आणि बुगडी बाजारात मिळते. पथकप्रमुखांनी सरावाच्या पहिल्याच दिवशी हे मुलांना सांगावे. सराफांनी वरच्या कानासाठी गन वापरणे बंद करावे, आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाने कान टोचणाऱ्या दुकानांत सुया, ऑटोक्लेव्ह आणि त्या बाटल्या तपासाव्यात. हे काम सराव सुरू होण्याआधी, आषाढातच व्हायला हवे.

आपला,
एक वाचक, पुणे